पोतदारांच्या दुकानातला रिसीव्हर

मी मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पाण्याचे पंप तपासतो. सव्वीस वर्षं झाली. पंप गळत असेल तर त्याला कुठेतरी भोक असतं, एवढंच माझं तत्त्वज्ञान. आमच्या सोसायटीची लिफ्ट आपोआप चौथ्या मजल्यावर जायला लागली तेव्हा लोकांनी सत्यनारायण घालायचं ठरवलं होतं. वायरमन मी बोलावला. या सदरात येणारे भुताखेतांचे अनुभव तर मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवायचो आणि खो खो हसायचो. मेधा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "हसू नकोस रे, तुझीही पाळी येईल." तर आली. पांढरी साडी नाही, पैंजण नाहीत, पिंपळ नाही... सतरा किलोचं एक लाकडी खोकं आलं.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टिरिओ रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत. सत्तरच्या दशकात जपान्यांनी हे असे काही बनवले की पुन्हा तसे कोणाला जमले नाहीत – निदान आम्हा वेड्यांचं तसं म्हणणं. पुढे अ‍ॅल्युमिनियमची जाड बटणं, काचेमागे मंद उजेड, स्टेशन लागलं की हलणारा काटा. निवडताना कागदावरचे वॉट बघू नयेत, उचलून बघावं. कंबर धरली तर माल चांगला. बटण फिरवताना खरखर आली तर घाबरायचं नाही, ती धूळ असते. विकणारा "कंडिशन एकदम झकास" म्हणाला तर मात्र घाबरायचं.

माझ्याकडे असे सहा होते. घर मुलुंड पूर्वेला – दोन खोल्या आणि स्वयंपाकघर – त्यात मी, मेधा, त्र्याऐंशी वर्षांचे बाबा आणि हे सहा. एकाचा डावा स्पीकर थोबाडीत दिल्याशिवाय वाजायचा नाही. एक फक्त जपानसाठी बनवलेला, त्याला नव्वदच्या पुढचं स्टेशन लागायचं नाही, म्हणजे मुंबईतलं कुठलंच नाही. एक इतका सुंदर होता की तो बिघडलेला आहे हे मी तीन वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. आणि एक काळा, छोटा, सरळमार्गी – कधी बिघडला नाही, म्हणून मी त्याच्याकडे फारसं लक्षही दिलं नाही.

मग आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. तीन वर्षं भांडुपला भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहायचं. मेधाने कपाटावर यादी चिकटवली आणि मला समोर बसवलं.

"एक," ती म्हणाली.

"काय एक?"

"सहातला एक येणार. बाकी पाच कोणालाही दे. स्वयंवर कर हवं तर, पण महिनाअखेर टेम्पो येतोय."

मी पुष्कळ विचार केला. सहातून एक निवडणं फार जड जात होतं, म्हणून मी सातवा आणला.

आता असं बघू नका! घाटकोपरच्या पोतदार काकूंचा फोन आला होता. त्यांचे यजमान, नाना, मागच्या वर्षी गेले. घाटकोपर पूर्वेला त्यांचं वह्या-पेनांचं दुकान होतं, आणि भावाने मस्कतहून आणलेला रिसीव्हर नानांनी चाळीसेक वर्षं त्या दुकानात, गल्ल्यामागच्या फळीवर, वाजता ठेवला होता. "नुसता बघून जा," काकू म्हणाल्या. नुसता बघून जाणारा माणूस या नादात अजून जन्माला यायचाय. मी उचलला, कंबर धरली, घेतला. किती दिले ते लिहीत नाही, मेधा हे सदर वाचते.

घरी आणला तेव्हा मेधाने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि जाऊन कपाटावरची यादी पुन्हा दाबून चिकटवली.

पण बाबा उठून जवळ आले. बाबांना ऐकू कमी येतं. कानातलं यंत्र आहे, ते टेबलाच्या खणात असतं, कारण त्यात "फक्त प्रेशर कुकर ऐकू येतो". त्यामुळे आमच्या घरात दिवसभर एक शब्द चालू असतो... "वाढव." टीव्ही लागला की "वाढव." फोन स्पीकरवर टाकला की "वाढव रे." पंख्यालासुद्धा वाढव. मला तर तो शब्द आता ऐकूही येत नाही, हात आपोआप बटणाकडे जातो.

"कॅसेट लाव," बाबा म्हणाले.

आमच्या घरात 'कॅसेट' म्हणजे एकच. माझ्या लहानपणी बाबांनी रेडिओवरचं नाट्यसंगीत टेप करायला टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवला होता. माइक उघडा, दार उघडं, आणि आत स्वयंपाकघरात आई. बाबांना गवई हवे होते. टेपवर गवयांच्या मागून आई आली. "अहो, दूध बघा." मग तान. "अहो, मी एकटी किती ठिकाणी बघू?" मग टाळ्या. सगळी मिळून चारेक मिनिटं. आईला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि तिचा आवाज जगात आता फक्त त्या कॅसेटवर आहे. ती चार मिनिटं बाबा शिव्या खात असल्यासारखे डोळे मिटून ऐकतात. पण शेवटी, गवई तार सप्तकात गेलेले असताना, आई एक वाक्य बोलते – ते कधी कळलंच नाही. साही रिसीव्हरवर प्रयत्न झाले. तिथे नुसती कुजबूज आणि तान.

सातव्याला टेप डेक जोडून कॅसेट लावली, आणि मी सांगतो... आई स्वयंपाकघरात होती. म्हणजे तशी ऐकू येत होती. गवई एका बाजूला, आई मागे डावीकडे, भांड्याचा आवाजसुद्धा वेगळा. मेधा पोळ्या टाकून बाहेर येऊन उभी राहिली. बाबांना यंत्राशिवाय शब्द न् शब्द कळत होता, ते मान हलवत होते. शेवटचं वाक्य आलं, "अहो –"

"वाढव!" बाबा ओरडले.

टक्. सगळा अंधार. म्हणजे काचेमागचा दिवा गेला. सगळं बंद.

मला वाटलं फ्यूज. बघतो तर पुढचा पॉवरचा खटका खाली पडलेला. हा खटका म्हणजे जाड धातूचा दांडा, खाली ओढायला अंगठ्याचा जोर लागतो. आपणहून पडणं शक्य नाही. मी पुन्हा वर केला, टेप मागे घेतली, पुन्हा तिथपर्यंत आलो, बाबा पुन्हा "वाढव!" – टक्.

असं चार वेळा झालं.

दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून कुर्ल्याला कांबळे साहेबांकडे नेला. कांबळे साहेब टीव्ही कारखान्यातून रिटायर झालेले, सकाळी दोन तास घरीच जुनी यंत्रं बघतात. भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली मीटर, सोल्डरिंग, आणि टेबलावर एक कणही धूळ नाही. मी घडलेलं सांगितलं आणि उगाच हसत म्हणालो, "भूतबित नाही ना साहेब?"

"आपल्याकडे भूत नसतं सर," ते म्हणाले, "कारण असतं. सापडेपर्यंत थांबायचं."

दोन दिवस त्यांनी तो वाजवला. एकदाही बंद झाला नाही. खटका उघडला, स्प्रिंग तपासली, कंपनीतून आली तशी कडक. मी परत घ्यायला गेलो तेव्हा कॅसेटही बघितली आणि जरा गंभीर झाले. "टेपचा थर सुटायला लागलाय. पाच-दहा वेळा चालेल, मग सांगता येत नाही. आणि हो, आधी कॉपी करून घ्या."

मी घरी येऊन कॉपी करायचं काढलं तर बाबा कॅसेट मुठीत धरून बसले.

"कॉपी करताना तू ऐकणार."

"हो, मग?"

"ते वाक्य तिने मला सांगितलंय. तुला नाही. माझ्याआधी कोणी ऐकायचं नाही."

त्र्याऐंशीच्या माणसाशी काय वाद घालणार? आणि खरं सांगू, ते बरोबरच होतं.

म्हणून पुन्हा लावली. आई, दूध, टाळ्या, "अहो –", "वाढव!", टक्. आधीच आवाज मोठा ठेवून पाहिला, तर सुरुवातीला गवई असे कडाडले की खालचे शेजारी काठी घेऊन वर आले, आणि तरीही शेवटी बाबा "वाढव" म्हणालेच. टक्. पुन्हा कुर्ला. पुन्हा काही नाही. कांबळे म्हणाले तुमच्या घरचा प्लग सैल असेल. प्लग बदलला. टक्.

टेम्पो यायला सहा दिवस उरले तेव्हा मेधाने यादीत लिहून टाकलं – 'रिसीव्हर : काळा छोटा'.

"अगं, पण आई फक्त याच्यावर ऐकू येते!"

"येते आणि नेमकी तिथे थांबते. बाबा रात्रभर कूस बदलतात, दिसतं ना तुला? जुन्याने निदान आशा तरी लावली नव्हती. जा, काकूंना परत देऊन ये."

मला राग आला, कारण तिचं खरं होतं. मी पोतदार काकूंना फोन लावला. म्हटलं, रागावू नका, पण हा दुकानात असताना मध्येच बंद पडायचा का हो?

"छे!" काकू म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत दुकान वाढवल्याशिवाय कधी बंद झाला नाही तो."

"बरं बरं," मी म्हणालो, आणि मग थांबलो. "काय केल्याशिवाय?"

"दुकान वाढवल्याशिवाय. अहो, ह्यांना 'बंद' शब्द चालायचा नाही. गिऱ्हाईक म्हणालं पेन बंद पडलं, तर हे म्हणायचे दमलंय. संध्याकाळी आठ वाजले की म्हणायचे, 'चला, वाढवा.' की शटर खाली आणि रेडिओ शांत. शेवटी शेवटी ह्यांचा खांदा धरला होता, हात फळीपर्यंत पोचायचा नाही..."

"मग खटका कोण पाडायचं?"

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "ते मी कधी बघितलंच नाही."

फोन ठेवला. दुपारचे बारा, लख्ख ऊन, बाहेर भाजीवाला ओरडतोय. मी रिसीव्हर लावला, समोर उभा राहिलो, आजूबाजूला कोणी नाही बघून घेतलं आणि हळूच म्हणालो, "वाढव."

माझ्या डोळ्यांसमोर तो दांडा खाली आला. सावकाश. कोणीतरी अंगठ्याने ओढावा तसा. टक्.

मी पंप तपासणारा माणूस आहे. मी खाली बसलो.

"कोणाशी बोलतोस रे?" मेधा दारात उभी होती. मी काही न सांगता खटका वर केला आणि तिला म्हटलं, "तू म्हण. वाढव म्हण." तिने माझ्याकडे डॉक्टरांनी बघावं तसं बघितलं, आणि म्हणाली. टक्. तिने हातातली पिशवी जमिनीवर ठेवली. मेधा शाळेत मराठी शिकवते. मी काकूंचं बोलणं सांगितलं तसा तिच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला – आधी भीती, मग चक्क आनंद.

"अरे, बरोबर आहे त्याचं! दुकान वाढवतात, नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात... मोडलं-संपलं म्हणायचं नाही म्हणून वाढवणं म्हणायचं. मुलांना मी ओरडून सांगते, एकाच्या लक्षात राहत नाही. आणि हा जपानचा!" यादी तिने तेव्हाच फाडली नाही, पण पेन्सिलीने 'काळा छोटा'पुढे प्रश्नचिन्ह केलं.

कांबळे साहेब दुसऱ्या दिवशी स्वतः आले, वही घेऊन. तासभर त्यांनी पद्धतशीर परीक्षा घेतली. 'बंद कर' – चालू. 'ऑफ' – चालू. 'बढाओ' – चालू. 'मोठा कर' – चालू. 'वाढव' – बंद. 'वाढवा' – बंद, आणि मेधाचं म्हणणं, जरा अदबीने. मग त्यांनी झाकण काढून टॉर्चने आत बघितलं. माइक नाही, मोटर नाही, चिप तर त्या काळात कुठली. घाम पुसून त्यांनी वहीत लिहिलं आणि मला दाखवलं – 'कारण : अज्ञात.'

"भूत नाही लिहायचं सर," ते म्हणाले. "अज्ञात. दोन्हीत फरक आहे."

आता उपाय सोपा होता. बाबांनी 'वाढव' म्हणायचं नाही, 'मोठा कर' म्हणायचं. सोपा म्हणतोय मी! दोन दिवस आम्ही तालीम घेतली. टीव्हीवर, मिक्सरवर, कशावरही.

"बाबा, काय म्हणायचं?"

"मोठा कर."

"शाब्बास. आता बातम्या लावतो... "

"वाढव रे!"

जन्मभराची सवय. खडीसाखर तोंडात ठेवून पाहिली, ती त्यांनी कडाकडा चावून खाल्ली आणि म्हणाले वाढव. मी म्हटलं, तोंडावर हात ठेवा. ठेवला, पण ऐनवेळी माणूस हात काढतोच. कॅसेट आणखी एकदा चालली आणि या वेळी मध्येच आवाज थरथरला. टेम्पो सोमवारी येणार होता. बाबांनी शनिवारी जेवताना नीट लक्ष दिलं नाही, आमटी तशीच ठेवली.

रविवारी सकाळी अकरा वाजता, खोल्यांत सगळीकडे खोकी, बाबा आंघोळ करून, स्वच्छ बनियनवर शर्ट घालून रिसीव्हरसमोर येऊन बसले. कांबळे साहेबही आले होते, वही घेऊन कोपऱ्यात. मी कॅसेट घातली.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी वाटी मागवली. तोंडात दोन बोटं घालून वरची कवळी काढली, मग खालची काढली, दोन्ही वाटीत ठेवली आणि मला खूण केली. लाव.

मला आधी कळलंच नाही. मेधाला कळलं. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली.

गवई सुरू झाले. आई म्हणाली दूध बघा. आई म्हणाली मी एकटी किती ठिकाणी बघू. टाळ्या झाल्या. टेप थरथरली, सावरली. गवई वर जायला लागले, आणि मागून आलं, "अहो –"

"आऽअव!" बाबा ओरडले.

काचेमागचा काटा एकदा उजवीकडे गेला, एकदा डावीकडे. शप्पथ सांगतो, यंत्र विचारात पडलेलं मी त्या दिवशी पाहिलं. खटका जागचा हलला नाही. मी बटण फिरवलं, आणि आईचं वाक्य स्वच्छ, खणखणीत खोलीत आलं.

"अहो, पान वाढलंय. या ना आता. रेडिओ काय, परत लागेल."

पुढे टेप संपली, नुसती सळसळ राहिली. कोपऱ्यातून कांबळे साहेब अगदी हळू म्हणाले, "वाढलंय-ला बंद नाही झाला. व्याकरण पक्कं आहे." आणि चष्मा काढून पुसत बसले.

बाबा उठले. "आओ ग, आओ," असं म्हणत, खोक्यांमधून वाट काढत स्वयंपाकघरात गेले. टेबल बांधून झालं होतं म्हणून खाली मांडी घालून बसले. सकाळचे सव्वाअकरा. मेधा त्यांच्या मागोमाग गेली, पान घेतलं आणि होतं ते, पातेल्यातला उपमा, वाढला. मी वाटीतली कवळी नेऊन दिली. ती लावून बाबा जेवायला लागले, भूक लागलेल्या माणसासारखे. मी बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण कांबळे साहेबांसमोर रडायचं म्हणजे...

बाहेरच्या खोलीत टेपची सळसळ अजून चालू होती. तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला, आणि त्याच क्षणी खटका पडला. टक्. दिवा शांत झाला.

आता वाद इथे आहे. मेधा सांगते बाबा तिला 'वाढ' म्हणाले, ताट पुढे केलं आणि तिने आणखी उपमा वाढला. मी बाहेर होतो, मला स्वच्छ 'वाढव' ऐकू आलं. कांबळे साहेबांच्या वहीत त्या जागी दोन्ही शब्द आहेत आणि पुढे पुन्हा 'अज्ञात'.

रिसीव्हर भांडुपला आला आहे, हे सांगायला नकोच. आम्ही त्याच्यासमोर बोलताना शब्द सांभाळतो. या सगळ्याला भोक कुठे आहे ते मला सापडलेलं नाही, वाचकांपैकी कोणाला सापडलं तर जरूर कळवा. बाबांना मी नंतर एकदा सरळच विचारलं, त्या दिवशी तुम्ही नक्की काय म्हणालात?

"तुला काय करायचंय?" बाबा म्हणाले. "ज्यांना कळायचं त्यांना कळलं."